मोतीरामभाऊंचे पत्ते कोण बघणार?

आमच्या अपार्टमेंटमध्ये मी पोकरची स्पर्धा भरवली होती असं सांगितलं की मला ओळखणारी माणसं आधी जरा जवळ येऊन माझ्या तोंडाचा वास घेतात. त्यांचाही दोष नाही. आयुष्यभर शाळेत भूगोल शिकवलेला माणूस मी. यंदा पाऊस सरासरीइतका पडेल, असं मराठवाड्यातल्या वर्गात उभं राहून छातीठोकपणे सांगणं, एवढाच काय तो माझा जुगार. पण स्पर्धा झाली हे खरं. तिच्यात मी खेळलो हेही खरं. आणि पुढ्यात शेवटचे नऊ चिंचोके उरलेले असताना मला जो निर्णय घ्यावा लागला, तसा अवघड निर्णय मी लग्न ठरवतानाही घेतला नव्हता. तो तर वडिलांनीच घेतला होता.

सुरुवात मोतीरामभाऊंपासून झाली. ते आमच्या वरच्या मजल्यावर राहतात. एसटीत वाहतूक नियंत्रक होते. फुलंब्रीच्या स्टँडवर माईक बंद पडला तर त्यांचं काही अडत नसे, अशी त्यांची ख्याती. निवृत्तीनंतर तो आवाज घरी आला. त्यांनी चहा मागितला की आमच्याकडं माझी बायको सुलेखा दूध तापवायला उठायची. शिवाय माणूस कमालीचा वादखोर. हर्सूलचा तलाव शहराच्या कुठल्या दिशेला येतो, यावर त्यांनी माझ्याशी, म्हणजे भूगोलाच्या शिक्षकाशी, जिन्यात उभं राहून पाऊण तास वाद घातला होता आणि शेवटी मलाच घरी येऊन नकाशा बघावा लागला होता.

मग त्यांच्या पत्नी, भागूवहिनी गेल्या. पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला, मुलगा आणि सून पुण्याला परतले, आणि मोतीरामभाऊंनी दार लावून घेतलं ते घेतलंच. आवाज गेला. वाद गेला. भेटायला गेलो की सोफ्यावर बसवायचे, पाणी द्यायचे आणि आपण बोलू त्याला 'व्हय' म्हणायचे. एकदा मी मुद्दाम चुकीचं म्हणालो की हर्सूलचा तलाव दक्षिणेला आहे. ते म्हणाले, "तू म्हणतोस तसंच असंल." मी खाली येऊन जेवलो नाही. वर्ष झालं तरी तीच तऱ्हा. आम्ही सगळेही दुखवट्याच्या घरात वागतात तसं वागत होतो. हळू बोलायचं, माना डोलवायच्या, त्यांचं काही खोडून काढायचं नाही.

"काहीही करा, पण माणूस तासभर खाली उतरला पाहिजे," सुलेखानं एका सकाळी फर्मान काढलं. योगासनं सुचवून झाली होती, हास्यक्लब सुचवून झाला होता. दोन्हीला ते 'व्हय, येतो' म्हणाले होते आणि आले नव्हते. एकच गोष्ट राहिली होती, ती म्हणजे पत्ते. पण त्यातही अडचण होती. दुपारची जेवणं झाली की ते आणि भागूवहिनी रमी मांडायचे, आणि वहिनी जिंकल्या की त्यांचं हसू जिन्यातून खाली आमच्या दारापर्यंत यायचं. मोतीरामभाऊंपुढं रमीचं नाव काढायची माझी छाती नव्हती. तीन पत्ती म्हटलं तर अपार्टमेंटच्या अब्रूचा प्रश्न. शेवटी बंगळुरूहून आमच्या मोनालीनं फोनवर तोडगा काढला. म्हणाली, बाबा, पोकर खेळा, कोणालाच येत नाही म्हणजे कोणाला कसली आठवणही येणार नाही.

मोनालीनं दोन रविवार खर्चून आम्हाला खेळ शिकवला. तो मी थोडक्यात सांगतो, घाबरू नका. प्रत्येकाला दोन पत्ते, लपवून धरायचे. मध्ये पाच पत्ते, सगळ्यांसाठी उघडे होत जातात. त्यांतून ज्याची जुळणी भारी, तो जिंकला. पण पत्ते भारी असायलाच हवेत असं नाही. नुसता भरपूर माल पुढं सरकवून समोरच्याला घाबरवता येतं. समोरचा घाबरला तर 'पॅक' म्हणून पत्ते टाकतो. नाही घाबरला तर 'बघतो' म्हणतो, तेवढाच, किंवा पुढ्यात उरला असेल तेवढा, माल आपलाही लावतो आणि मग दोघांनाही पत्ते दाखवावे लागतात. माणूस एका दमात पुढ्यातलं सगळं लावू शकतो. सुलेखाला हे लगेच समजलं. मला समजायला वेळ लागला, कारण मी प्रश्न विचारत होतो.

अपार्टमेंटचा हॉल हवा होता, म्हणून नानासाहेबांकडं गेलो. नानासाहेब आमचे सचिव. कलेक्टर कचेरीतून निवृत्त झाले, पण कचेरी त्यांच्यातून झालेली नाही. त्यांनी माझं सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि अर्ज तीन प्रतींत मागितला. अर्जात 'पत्ते' हा शब्द आला म्हणून तो परत आला. 'मनोरंजन' लिहिलं तर मनोरंजनाला वेगळा ठराव लागतो म्हणून परत आला. अखेर त्यांनी स्वतःच विषय सुचवला, 'स्मरणशक्ती संवर्धन उपक्रम', आणि स्वतःच सुचवलेल्या विषयावर स्वतःच समाधान व्यक्त केलं. एवढं झाल्यावर म्हणाले, पोलीस चौकीत तोंडी का होईना, कळवून या.

चौकीत एक तरुण हवालदार होता. पैसे लावणार का, असं त्यानं विचारलं. मी नाही म्हणालो. मग काय लावणार, असं विचारल्यावर मी चिंचोके म्हणालो. त्यानं पेन खाली ठेवलं आणि मग फार मायेनं विचारलं की काका, घरी तुमच्यासोबत कोण कोण असतं. मी सुलेखाचा नंबर दिला. त्यानं खरोखर फोन लावला, आणि सुलेखानं त्याला काय सांगितलं कोण जाणे, निघताना त्यानं मला रस्ता ओलांडून दिला.

चिंचोक्यांसाठी शहागंजला गेलो. दुकानदारानं विचारलं, "खेलने के वास्ते होना क्या खाने के वास्ते, पैले वो बोलो साब." दुकानात गर्दी होती, त्यात माझा एक जुना विद्यार्थी बायकोसह उभा होता. मनात खेळ असूनही तोंडातून 'खाने के वास्ते' असं निघून गेलं. घरी येऊन पिशवी उघडली तर आत खमंग भाजलेले चिंचोके. सुलेखा म्हणाली, शिक्षकाला प्रतिष्ठा एवढी महाग पडू नये.

तिकडं सूचनाफलकावर स्मरणशक्तीची सूचना लागली आणि शेजारच्या दोन अपार्टमेंटमधली ज्येष्ठ मंडळी औषधांच्या फायली घेऊन चौकशीला येऊ लागली. एका आजोबांना परत पाठवलं तर ते विसरून पुन्हा आले. तळमजल्यावरच्या सत्यभामाबाई घाटी रुग्णालयातून नर्स म्हणून निवृत्त झालेल्या, त्यांनी सल्ला दिला की आलेल्यांचं निदान बीपी तरी मोजा. समोरच्या घरातले सर्जेराव, त्यांची शेती फुलंब्रीकडं आणि नोकरी शहरात, त्यांनी सल्ल्यावर न थांबता फ्लेक्सच छापून आणला. त्यावर नानासाहेब हात जोडून उभे, आणि मी, संयोजक, खाली शुभेच्छुकांच्या ओळीत तिसरा. फोटो माझ्या सेवापुस्तकातला होता, तेव्हा मला गालफडं होती. चांगल्या कामात अपमान गिळावा लागतो असं म्हणतात, फक्त तो इतक्या मोठ्या आकारात छापलेला नसावा.

या सगळ्या धावपळीत मी एक काम मात्र फार जबाबदारीनं केलं. स्पर्धेच्या आदल्या दिवशी दारोदार जाऊन प्रत्येक खेळाडूला सांगून आलो की मोतीरामभाऊंना जरा सांभाळून घ्या, माणूस नाजूक झालाय, हरला तर पुन्हा वर्षभर दार उघडायचा नाही. सगळ्यांना ते पटलं. सर्जेरावांनी तर डोळे पुसले आणि म्हणाले, "गुरुजी, काळजी नका करू. आपुन त्येंला हरूच देणार नाय."

रविवारी दुपारी हॉलमध्ये दोन टेबलं जोडली. मोतीरामभाऊंना सुलेखा स्वतः हाताला धरून घेऊन आली. इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला होता, पण वरचं बटण चुकून खालच्या काजात. त्यांनी सगळ्यांना नमस्कार केला आणि दारालगतच्या खुर्चीवर असे बसले की उठायला सोपं जावं. आम्ही सहा खेळाडू. आणखी एक आजोबा स्मरणशक्तीसाठी आले होते, ते कोपऱ्यात झोपले.

पहिला डाव वाटला. मोतीरामभाऊंनी आपल्या दोन पत्त्यांवर नुसता पंजा ठेवला, दुसऱ्या हातानं चिंचोक्यांचा सगळा ढीग पुढं लोटला आणि हळू आवाजात म्हणाले, "सगळे."

आम्ही एकमेकांकडं बघितलं. सर्जेराव म्हणाले, पॅक. सत्यभामाबाई म्हणाल्या, पॅक. नानासाहेबांनी आपल्या पत्त्यांकडं एकदा बघितलं, गिळल्यासारखं केलं आणि म्हणाले, पॅक. डाव मोतीरामभाऊंना गेला. मी समाधानानं सुलेखाकडं बघितलं. दुसऱ्या डावालाही ते 'सगळे' म्हणाले. पुन्हा रांगेनं पॅक. तिसऱ्यालाही तेच. आमचा नाजूक माणूस जिंकत होता आणि आम्ही पाच जण चांगुलपणानं फुलून गेलो होतो. फक्त एक गोष्ट मला कळेना. ढीग वाढत होता तसतसा मोतीरामभाऊंचा चेहरा उतरत चालला होता.

बाकीच्यांचं आपसात जोरात चाललं होतं, कारण दया फक्त मोतीरामभाऊंपुरती ठरली होती. सर्जेरावांचं भांडवल अर्धं झालं, पण ते कोणी जिंकलं नव्हतं. ते बोलण्याच्या नादात चिंचोके चघळत होते. सत्यभामाबाईंनी तक्रार केल्यावर तोंडातला एक काढून त्यांनी ढिगात परत ठेवला, तेव्हा तो बाद धरावा की नाही यावर नानासाहेबांनी निर्णय राखून ठेवला. माझं म्हणाल तर मला लग्नाच्या बायकोनं लुटलं. दोन गुलाम हातात असताना मी मोठ्या तोऱ्यात माल लावला, तर ती 'बघते' म्हणाली आणि तीन दश्श्या काढून दाखवल्या. माझे चिंचोके स्वतःकडं ओढताना तिनं माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. मुलीच्या लग्नात पाठवणीला याच बाईनं माझ्या खांद्यावर डोकं ठेवलं होतं.

अशा रीतीनं माझ्यापुढं नऊ चिंचोके उरले. आणि मोतीरामभाऊ पुन्हा म्हणाले, "सगळे."

बाकीच्यांनी सवयीनं पॅक केलं. राहिलो मी. पत्ते उचलून बघितले तर दोन अठ्ठ्या, इस्पिक आणि किलवर. आता इथं मला थांबून विचार करावा लागला. मोनालीनं बजावलं होतं की बाबा, आपल्याकडं थोडाच माल उरला की चांगल्या पत्त्यांची वाट बघत बसायचं नाही. दर फेरीला थोडे चिंचोके न बघताच टाकावे लागतात, त्यातच माणूस संपतो. एक बरा डाव धरायचा आणि सगळं लावायचं. अठ्ठीची जोडी हा बरा नाही, चांगला डाव होता. पॅक केलं तर पुढच्या फेरीत मी असाच झिजून जाणार. बघितलं आणि हरलो, तर फ्लेक्सवरचा शुभेच्छुक क्रमांक तीन सर्वांत आधी बाद. आणि बघितलं आणि जिंकलो तर? तर दारोदार फिरून दया मागणाऱ्या माणसानंच दुखवट्यातल्या माणसाला चारचौघांत हरवलं, असं होणार. ते उठतील, दार चार पावलांवर आहे, वर जातील आणि आतून कडी लावतील. मला ती कडी लागलेली ऐकूही आली. नानासाहेब माझ्याकडं बघून नकारार्थी मान हलवत होते. सर्जेरावांनी चघळणं थांबवलं होतं. सुलेखाच्या चेहऱ्यावर मला काही वाचता आलं नाही, पण ते मला कधीच आलेलं नाही.

जाऊ दे, म्हटलं. माणूस महत्त्वाचा. मी पत्ते पुढं टाकायला उचलले.

मोतीरामभाऊंनी हात लांब करून माझ्या मनगटावर ठेवला. "सुदर्शन, तू बी टाकून देणार?"

मी म्हणालो, पत्ते काही खास नाहीत.

"खोटं नको बोलू. तुझे कान लाल झालेत." मग आपल्या पंजाखालच्या पत्त्यांकडं त्यांनी हनुवटीनं खुणावलं. "मी माझे पत्ते बघितलेच नायत. पहिल्या डावापासून नाय बघितले. म्हणलं, सुलेखाताईचा मान राखावा, एकदाच सगळं लावावं, हरावं अन् वर जाऊन पडावं. तर तुमी हरू बी देईनात. वरीस झालं, मी काय बी म्हणलो की समदे व्हय व्हय करतेत. तलाव दक्षिणेला म्हणतोस तू, भूगोलाचा मास्तर असून. भागू होती तवा माझं एक वाक्य बी नुसतं मी म्हणलो म्हणून खरं धरत नव्हती. लगेच म्हणायची, दाखवा." त्यांनी माझा हात पत्त्यांसकट खाली टेकवला. "तू तरी बघ की रे."

वर्षभर आम्ही या माणसाला काचेच्या भांड्यासारखं फडताळात ठेवलं होतं आणि वर स्वतःला शेजारधर्माचे शाबासकीचे गुण देत होतो. त्याच्याशी कोणी भांडलं नव्हतं. त्याला कोणी खोटं पाडलं नव्हतं. एका माणसाशी माणसासारखं वागायचं आम्ही इतक्या प्रेमानं टाळलं होतं. मी माझे नऊ चिंचोके मोजून पुढं सरकवले.

"बघतो," मी म्हणालो.

मी अठ्ठ्या उघड्या केल्या. मोतीरामभाऊंनी पंजा उचलला आणि आपले पत्ते त्यांनी आमच्यासोबतच पहिल्यांदा बघितले. सत्ती आणि दुर्री. मोनालीच्या शिकवणीप्रमाणं अख्ख्या खेळात याहून भिकार पत्ते नाहीत. सत्यभामाबाई मधले पाच पत्ते एकेक करून उघडू लागल्या. राजा आला, चौकी आली, मग बदामाची सत्ती आली आणि सगळे पुढं वाकले. नंतर एक्का. शेवटचा पत्ता नव्वी. त्यांची सत्तीची जोडी, माझी अठ्ठीची. मी जिंकलो होतो, आणि माझ्याच्यानं चिंचोक्यांना हात लाववेना.

मोतीरामभाऊंनी आपली सत्ती माझ्या अठ्ठीशेजारी ठेवून बघितली. "हरलो," ते म्हणाले. मग जरा मोठ्यानं, खात्री करून घेतल्यासारखं, "हरलो की रे मी."

तेवढ्यात नानासाहेबांच्या मनाला टोचणी लागली असावी. त्यांनी कबूल केलं की पहिल्या डावाला त्यांच्याकडं दोन एक्के होते आणि ते त्यांनी केवळ सहानुभूतीपोटी पॅक केले. मोतीरामभाऊंनी मान वळवली.

"दोन एक्के टाकले?" ते म्हणाले, आणि तो आवाज फुलंब्रीच्या स्टँडवरचा होता. कोपऱ्यातले आजोबा जागे झाले. "नानासाहेब, कलेक्टर कचेरीत बी असंच काम केलं का वो तुमी?"

नानासाहेबांनी हा आरोप लेखी द्या म्हणून सांगितलं. मोतीरामभाऊंनी तोंडीच पुन्हा दिला. पुढच्या डावाला त्यांनी पत्ते उचलून डोळ्यांशी धरले, खूप विचार केला आणि म्हणाले, सगळे. सुलेखा लगेच म्हणाली, बघते. सर्जेराव म्हणाले, आपुन बी बघणार. सत्यभामाबाईंनी तर वर्षाचं साठवून ठेवल्यासारखं बघितलं. त्या दुपारी आम्ही मोतीरामभाऊंचा एकही डाव बघितल्याशिवाय सोडला नाही. ते अतिशय वाईट खेळले. प्रत्येक डावावर वाद घातला, वाटणी चुकली म्हणाले, इस्पिकचा गुलाम सर्जेरावांनी बाहीत ठेवला होता म्हणाले, आणि एकेक करत तो भलामोठा ढीग सगळ्यांच्या पुढ्यात वाटला गेला. शेवटचे चार चिंचोके सुलेखानं जिंकले. तिनं त्यांच्याकडंही बघितलं नाही, तेव्हा मला जरा बरं वाटलं.

मोतीरामभाऊंपुढं रिकामं टेबल होतं. ते खुर्चीचा हात धरून उठले. आता त्यांना थांबवणारं काही नव्हतं, हरून वर जायचं असं ते स्वतःच म्हणाले होते. ते दाराकडं निघाले. सुलेखानं हातातले पत्ते उलटे ठेवले. मला वाटलं हाक मारावी, पण काय म्हणून मारणार?

दारापाशी प्लास्टिकच्या खुर्च्यांची चळत होती. त्यांनी वरची एक ओढली. ती दुसरीत अडकली होती, तर तिलाही दोन शब्द सुनावले. मग ती खुर्ची फरशीवरून घासत आणून त्यांनी बरोबर माझ्या मागं टेकवली आणि बसले. माझ्या खांद्यावरून त्यांनी माझे पत्ते बघितले.

"हे टाकून देणार होतास?" ते माझ्या कानात म्हणाले. कानात म्हणजे, हॉलमधल्या सगळ्यांना ऐकू गेलं. "लाव सगळे."

माझ्याकडं छक्की आणि तिर्री होती. मी सगळे लावले. नानासाहेब आणि सुलेखा दोघंही बघतो म्हणाले, आणि मी पुढच्या मिनिटाला स्पर्धेतून बाद झालो. नियमाप्रमाणं मी जागा सोडायला हवी होती. पण मोतीरामभाऊ मागून माझ्या खुर्चीला गुडघे लावून बसले होते आणि मी काय चुकलो ते मला समजावून सांगत होते. मला उठता येत नव्हतं, आणि खरं सांगायचं तर उठायचंही नव्हतं.